पिवळ्या पडद्यापुढं

प्रिय शिवप्रिया,

कागद बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या अप्पांचा गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा जास्त ते स्वतः कुरकुरतात. धक्का बसलाय तो मला. येळवशीच्या सणापासनं माझा जीव थाऱ्यावर नाही. मनात जे आलंय ते फोनवर विचारलं तर तू हसून टाळशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून लिहितीय. एकटी असशील तेव्हा बस आणि शेवटपर्यंत वाच.

आपल्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आलेत, हे तुला सांगितलंच होतं. पवनचक्कीच्या कंपनीतला तोमाश, त्याची बायको मार्ता आणि तीन वर्षांची हान्या. पोलंडची माणसं. तो सकाळी येडशीकडच्या माळावर जातो तो अंधार पडल्यावरच येतो. मागं ती पोरगी आणि लेकरू, ना भाषा ना ओळख. मला लई दया आली. खरं सांगू, मी मनात म्हटलं, आपली पोरगी तिकडं स्वीडनला आहे, आपण हिला सांभाळू, तिकडं तिला कुणीतरी सांभाळेल. देवाशी असा सौदा करून मी कंबर कसली.

बाई गं, काय काय शिकवावं लागलं! आपल्या नळाला आठवड्यानं पाणी येतं, आणि ही एक बादली भरून निवांत बसली. मी पदर खोचून वर गेले आणि पिंप, हंडे, भगुणी, पार कुकरसुद्धा भरून घेतला. ती नुसती बघतच राहिली. गॅसचा नंबर कधी लावायचा, विरजण कसं लावायचं, भाजी घेतल्यावर वर मूठभर कोथिंबीर कशी मागायची, सगळं शिकवलं. पहिल्यांदा शेजारच्या सिद्धम्मा काकूंनी धपाटे पाठवले तर हिनं ताट धुऊन रिकामंच परत दिलं. काकूंचं तोंड बघायला पाहिजे होतंस. मग मी समजावलं, तर पुढच्या वेळी सफरचंद घालून भाजलेलं काहीतरी गोड दिलं. काकूंनी ते भाकरीबरोबर खाल्लं. आणि एक शिकवलं, दिवसा दाराला कडी लावायची नाही. कडी लावली तर गल्लीतल्या बाया म्हणणार, हिला माणूस नको.

बरं हाय का विचारलं की ती हसायची आणि म्हणायची, छान. मी गल्लीभर मिरवत सुटले, आमची मार्ता कशी रुळली बघा. तुझ्याबद्दलही तसंच मिरवते ना मी. दर रविवारी तुझा फोन आला की शेजारणींना बोलावून दाखवते. मागं तो पिवळा पडदा, तू नटून बसलेली, हसतमुख. महांतेश कुठंयत विचारलं की दर वेळी आंघोळीला गेलेले. मी बायांना म्हणायची, एवढा स्वच्छ जावई कुणाला मिळायचा नाही.

आता येळवशीचं ऐक. अमावस्येला आपल्याकडं काय होतं ते तुला ठाऊक आहे. अख्खं कळंब शेतात. दुकानं बंद, घरं बंद, गल्लीत कुत्रंसुद्धा राहत नाही. पण हे तिला सांगायचंच कुणाला सुचलं नाही गं! आपल्याला जन्मापासनं माहीत, म्हणून जगालाच माहीत असणार असं वाटलं. मला वाटलं ती सिद्धम्मा काकूंच्या जीपमध्ये बसली. काकूंना वाटलं आमच्या गाडीत. तोमाशला त्याच्या माळावर वाटलं, बायको मजेत शेतात जेवत असेल. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, आंबिलीचं मडकं उघडलं, भज्जी वाढली, तेव्हा कुणीतरी विचारलं, हान्या कुठाय. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. येळवशीला आपण वाटेवरच्या माणसालाही जेवल्याबिगर सोडत नाही, आणि घरातलं माणूस घरीच विसरलो!

तुझ्या अप्पांना तशीच कुणाचीतरी मोटारसायकल काढायला लावली. जिना चढून गेले तर दार नुसतं लोटलेलं. मीच शिकवलं होतं ना. ती दाराकडं बाजू करून बसली होती, फोन समोर धरून. पाठीमागं भिंतीला तिची लाल फुलांची चादर ताणून बांधलेली. केस विंचरलेले, ओठाला लाली. आईशी बोलत होती आणि खळखळून हसत होती. मला हायसं वाटलं. मग फोनच्या मागच्या बाजूला नजर गेली, आणि मी हादरलेच. तिथं हान्या चटईवर निपचित पडली होती, कपाळावर ओली पट्टी. भांडी तशीच, कपडे इकडं तिकडं, आणि दाराशी भरून ठेवलेली बॅग. फोन बंद झाला, आणि प्रिया, त्याच घडीला तिचं हसू उतरलं. चादर खसकन ओढून तिनं तोंडात कोंबली आणि आवाज न करता रडायला लागली. एवढं रडू आणि आवाज नाही. असं रडायला सवय लागते गं.

लेकराला ताप भरला म्हणून ती त्याला कडेवर घेऊन दवाखान्यापर्यंत जाऊन आली होती. सगळीकडं कुलपं. माळावर तोमाशचा फोन लागेना. तिला वाटलं, गावावर काहीतरी संकट आलंय आणि सगळे यांना सोडून पळालेत. हे तिनं मला नंतर हातवारे करून सांगितलं. अप्पांनी डॉक्टरला त्यांच्या शेतातनं जेवत्या पानावरनं उठवून आणलं. आता हान्या ठणठणीत आहे, अंगणात मांजराला छळतीय. सगळी गल्ली मार्ताची माफी मागून गेली. सिद्धम्मा काकू तर तिच्या गळ्यात पडून रडल्या.

पण मनानं मी तिथनं हललेच नाही अजून. ती चादर बघितली आणि मला तुझा पिवळा पडदा दिसला. तीन वर्षं झाली, तुझं स्वयंपाकघर मी कधी बघितलं नाही. खिडकी बघितली नाही. गेल्या दिवाळीपासनं महांतेशचा आवाज ऐकला नाही. दर रविवारी त्याच वेळेला कुठला माणूस आंघोळ करतो गं? मला कसं कळलं नाही? मी आई असून तुझ्या पडद्याचं कौतुक करत बसले! अप्पांना हे बोलले, तसे ते उठले, आणि तुझ्या लग्नानंतर हौसेनं काढून ठेवलेले आमचे दोन पासपोर्ट कपाटातनं काढून टीव्हीवर ठेवले. येत्या रविवारी शेजारणी नसतील, आम्ही दोघंच असू. तू काही सांगू नकोस, हसूही नकोस. नुसता फोन फिरव. पलीकडं पसारा असला तर पसारा, रिकामं घर असलं तर रिकामं घर, मला बघू दे. मी रडले तर रडू दे, पण तू फोन ठेवू नकोस.

तुझ्या फोनकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच,
अव्वा