सासऱ्यांचा गोतो

३ नोव्हेंबर, मुरानो बेट. धुकं.
आज इतिहास घडला. ओरेस्तेच्या जुन्या सामानाच्या दुकानात उंच पायाचा एक पेला सापडला. सतराव्या शतकातला, खात्रीच. बुडाशी कारागिराची सळई तोडल्याचा व्रण. आत बुडबुडे. कड गोल-गोल, एकसारखी झिजलेली. इतकं नेटकं झिजणं सरदार घराण्यातच होतं. ओरेस्ते म्हणाला, मला त्यातलं काय कळतंय, तुम्हीच सांगा. नम्र माणूस. जन्मभर बोटीवर तिकिटं तपासली मी. खोटं मला लांबून कळतं.
बदल्यात घरातला एखादा पेला चालेल म्हणाला.

५ नोव्हेंबर
सौदा झाला. बायकोच्या, निवेसच्या कपाटातला गोतो देऊन टाकला. काचेच्या भट्टीवरचे लोक उरल्यासुरल्या रंगीत काचेतून स्वतःला प्यायला असले पेले करतात. हा सासऱ्यांनी केलेला. नुसती चिंध्यांची गोधडी, वर कडेला टवका. निवेस बहिणीकडे किओजाला गेली आहे. अकराला, संत मार्तिनोच्या सणाला येईल. दरवर्षी त्या दिवशी नवी वाइन ती त्यातूनच पिते. वडिलांची तेवढीच वस्तू उरलीय तिच्याकडे. यंदा सतराव्या शतकातून पिईल. खूश होईल. झालीच पाहिजे.

६ नोव्हेंबर, सकाळ
पेला बोलतो. टिक्. मग बराच वेळ काही नाही. मग टिक्. जुनी काच श्वास घेते असं कुठेतरी वाचलंय. नसेल वाचलं तर मीच लिहीन.

८ नोव्हेंबर
मेव्हणा आला, जिल्दो. भट्टीवरचा. पेल्याला कान लावला आणि मागे सरकला. म्हणाला, जावईबापू, हा गेल्या महिन्यातला. नीट थंड होऊ दिलेला नाही, आतून ताण धरून बसलाय. कड पॉलिश पेपरने घासलीय. मी म्हणालो, जळतोस. त्याने मांजर उचललं, बाहेर नेऊन ठेवलं, दार लावलं.
मग म्हणाला, बाबांचा गोतो दिसत नाही. सांगितलं, पॉलिशला दिलाय. काचेला पॉलिश? म्हणाला. कपाटातल्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. मला ते आवडलं नाही.

९ नोव्हेंबर
भरतीचा भोंगा झाला. पाणी उंबऱ्याला लागलंय. टिकटिक वाढली आहे. मी स्वयंपाकघरात झोपतो, उबेसाठी.
ओरेस्तेकडे गोतो परत मागितला. शंका म्हणून नव्हे, तुलनेसाठी. म्हणाला, विकला. कुणाला? उंच माणूस होता, दोन्ही हात भाजलेले. पर्यटक असणार. यांना ऊन सोसत नाही.

१० नोव्हेंबर
पेला फुटला. कुणी हात लावला नव्हता. एक तुकडा सासऱ्यांच्या फोटोपर्यंत उडाला. यावरून सिद्ध झालं की अस्सल होता. नकली असता तर टिकला असता.
निवेसला सांगायचं, गोतोच फुटला. तुकडे आहेतच. रंग वयामुळे उडाले म्हणू.

११ नोव्हेंबर, संत मार्तिनो
निवेस आली. जिल्दोही तिच्यासोबत होता. ठरवलेलं सगळं सांगितलं. तिने तुकडे पाहिले, बरं म्हणाली, जेवायला वाढलं.
मग बॅगेतून कागदात गुंडाळलेला एक गोतो काढला. म्हणाली, तू जाणकार ना, सांग, कुणाचा, कधीचा? दिव्याखाली बराच वेळ तपासला. तिला बरं वाटावं म्हणून स्पष्टच सांगितलं: बाहेरचा माल, अगदी अलीकडचा. टवका मुद्दाम पाडलाय, जुना दिसावा म्हणून. तुझ्या बाबांच्या हाताची सर नाही.
जिल्दो ताटात बघत होता.
निवेसने त्यात वाइन ओतली, टवका स्वतःकडे फिरवला. म्हणाली, सहा वर्षांची होते मी. नळावर आपटला होता माझ्या हातून. बाबांनी पेल्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझी बोटं तपासत बसले होते.
मला भिंतीकडे बघावंसं वाटलं. तिथे सासऱ्यांचा फोटो होता.
प्यायली, धुतला, पुसला, पुन्हा बॅगेत ठेवला. बॅगेतलं बाकी काही तिने बाहेर काढलंच नव्हतं. मग विचारलं, किओजाकडे जायला सकाळची पहिली बोट कितीची? इतकी वर्षं बोटीवर होतास, तेवढं तरी नक्की ठाऊक असेल.
सांगितलं. ते बरोबर होतं.