निरोगी नमुना

दि. ९ नोव्हेंबर

चि. लंबूस,

ताईचे आशीर्वाद. तुला ते नको असले तरी परत पाठवण्याची सोय नाही, तेव्हा ठेवून घे. इकडे सर्व ठीक आहे. ‘सर्व’ हा शब्द फार व्यापक आहे. त्याची व्याप्ती पुढे थोडी कमी करावी लागेल.

तुझ्या साठाव्या वाढदिवसाच्या मेजवानीपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. त्या दिवशी मी तुझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि जमलेल्या पाहुण्यांना यकृताचे कार्य समजावून सांगितले, ही वस्तुस्थिती मला मान्य आहे. तुझे व्याही जेवण अर्धे टाकून उठले, हेही मान्य. मात्र त्यावर तू जे बोललास, “ताई, जन्मभर लोकांची रक्तं तपासलीस, स्वतःचं कधी तपासलंस का?”, तो युक्तिवाद नव्हता. मुद्दा सोडून माणसावर घसरणे हा तर्कदोष आहे, असे मी तेथेच सांगितले. माझे मत आजही तेच आहे.

आता बातमी. निवृत्तीनंतरही मी हिपॅटायटिस बीचे काम पाहायला प्रयोगशाळेत जाते, हे तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तेथे तपासणीचे नवे यंत्र आले. अशा यंत्राला आधी एक बाधित रक्त आणि एक निरोगी रक्त द्यायचे असते. दोन्हींतला फरक त्याला कळला, की ते कामास योग्य. निरोगी नमुने संपले होते. “माझं घ्या,” असे म्हणून मी बाही वर केली.

दुपारी आमची तंत्रज्ञ मुलगी दारात येऊन उभी राहिली.

“बाई, मशीन बिघडलंय.”

“कशावरून?”

“तुमचं रक्त पॉझिटिव्ह दाखवतंय.”

“मग बिघडलंच आहे.”

या निष्कर्षाला हरकत घेणारे त्या खोलीत कोणीही नव्हते. रसायनांची आख्खी पेटी आम्ही टाकून दिली आणि दुसरी फोडली. तिनेही तेच सांगितल्यावर वीजपुरवठ्यावर संशय घेतला, मग खोलीच्या तापमानावर, मग त्या मुलीच्या हातावर. ती बिचारी रडकुंडीला आली. अखेर इंजिनिअरला बोलावले. त्याने झाकण काढले, आत बराच वेळ डोकावला, झाकण बसवले आणि हात पुसले.

“मशीन ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “बाई कशा आहेत?”

त्याच्या युक्तिवादात मला दोष सापडला नाही.

तू म्हणशील, लस घेतली नव्हतीस का. घेतली होती, ती निघाली तेव्हा अगदी प्रथम. पण लस देण्याआधी प्रत्येकाचे रक्त तपासणे हा अपव्यय आहे, असा लेख त्या काळी एका विदुषीने लिहिला होता, म्हणून माझे रक्त कोणी तपासले नाही. विदुषीचे नाव विचारू नकोस. आधीच आत ठाण मांडून बसलेल्या विषाणूला लस हुसकावून लावत नाही.

यकृतावर थोडे व्रण दिसतात. रोज एक गोळी घ्यायची आहे. मी घेते. हा विषय येथे संपला.

खरा विषय वेगळा आहे आणि मी मघापासून त्याच्या कडेकडेने चालते आहे. हा विषाणू बहुधा जन्माच्या वेळीच शिरतो, आईकडून मुलाकडे. आपली आई पोटात पाणी होऊन गेली. डॉक्टर तिला “चोरून पिता का?” असे विचारत, आणि जिला खोकल्याचे औषधसुद्धा कडक वाटे ती बाई शरमेने भिंतीकडे तोंड करी. तू लहान होतास. मी दाराशी उभी होते. हाच विषय मी का घेतला, ते तू कधी विचारले नाहीस. मीही सांगितले नाही.

तेव्हा विधाने मांडते. आई बाधित असावी. मी तिची मुलगी आहे. तू तिचा मुलगा आहेस. पुढचे तुला कळते; तू मठ्ठ कधीच नव्हतास, फक्त सुईला भितोस. लस टोचायला कोणी आले की तू पलंगाखाली लपायचास आणि पाय बाहेर राहायचे, त्यावरून तर तुझे हे नाव पडले. ते पाय धरून तुला ओढून काढण्याचे काम माझ्याकडे होते. ते मी अजून कोणाकडे सोपवलेले नाही.

रविवारी येते. सोमवारी सकाळी आपण दोघे जाऊ. भावजयीने आणि मुलांनीही तपासून घ्यावे. पण आधी तू. व्याख्यान देणार नाही, ग्लासाकडे पाहणारही नाही. सुई टोचताना तू माझ्याकडे पाहा आणि हव्या तितक्या वेळा म्हण, ‘मी सांगितलं होतं.’

तुझा तर्क चुकीचा होता आणि निष्कर्ष बरोबर निघाला. असे होऊ शकते, शास्त्राला ते मान्य आहे. वर मांडलेला माझा तर्क मी पुन्हा पुन्हा तपासला. त्यात चूक नाही.

निष्कर्ष तेवढा चुकावा, याची वाट पाहणारी,

तुझी ताई