जंताची गोळी आणि माझा डावा पाय

३ मार्च
मुलीचा फोन. पुढच्या रविवारी नातवाला घेऊन राहायला येते म्हणाली. अट एकच: कुत्र्याला जंताची गोळी आणि मागचं अंगण साफ. पोर रांगायला लागलंय, कुत्र्याचे जंत मातीतून माणसाला होतात म्हणे. मान्य केलं. शून्यातून रंगाचं दुकान उभं केलंय मी. पांढरा मागायला आलेला माणूस पिस्ता घेऊन जातो. कुत्र्याच्या गळी एक गोळी उतरवणं म्हणजे हातचा मळ.

४ मार्च, सकाळ
गोळी पावात, वर लोणी. फस्त! खुशीत अंगणात रोजच्यासारख्या अनवाणी फेऱ्या. अंगण उद्या.

४ मार्च, संध्याकाळ
गोळी सोफ्याखाली. लोणी चाटून लख्ख.

६ मार्च
आज केळ्यात. केळं गेलं, गोळी माझ्या चपलेत. डाव्या पायाला भयंकर खाज. नव्या चपलेचं चामडं, दुसरं काय! चपलवाल्याला झापायचं. अंगण उद्या नक्की.

७ मार्च
पायावर लाल, नागमोडी रेघ. बायकोला सांगितलं, चपलेची शिवण उमटलीय. तिचं म्हणणं, काल करंगळीशी होती, आज पुढे सरकलीय. शिवण चालते का? हिला वाद घालायची हौसच.

८ मार्च
बायकोने कुत्र्याचा जबडा उघडला, गोळी पार जिभेच्या मागे, तोंड मिटून गळा चोळला. संपलं. अर्थात, लोणी-केळ्याने त्याचं मन मीच वळवून ठेवलं होतं. अंगणही तिनेच उरकलं. मी उद्या करणारच होतो.

९ मार्च
त्वचेच्या डॉक्टरांनी पाय बघताच विचारलं, घरी कुत्रा आहे? त्याच्या घाणीतून मातीत, मातीतून माझ्या तळव्यात. रेघ कसली, कातडीखाली अळी फिरतेय! माझ्यापासून कुणाला होत नाही म्हणाले. गोळी दिलीय. केवढी ती! घशाखाली जाईना. राहू दे, अळीच कंटाळेल.
माझे कान तिखट. बायको फोनवर म्हणत होती, कुत्र्याने घेतली गं, तुझे बाबाच राहिलेत. पलीकडून मुलगी: त्यांनी घेतली की सांग, मग गाडीत बसते.

१० मार्च, शनिवार
बायकोने आपणहून पावाला लोणी लावून दिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी काय आज धंद्यात आलोय? लोणी खाल्लं, गोळी बशीखाली सरकवली. कुत्रा टक लावून बघत होता.
बायको हात धुवून शेजारी येऊन बसली. म्हणाली, आ करा.
गळाही चोळला.
नातू उद्या येतोय.