सुलास्त्रीच्या आईचं कापड

ग्योतोकु, जपान, ३ मार्च २००७

प्रिय कुमुदताई,

फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, हे आपलं लहानपणापासूनचं आहे. म्हणून लिहिते आहे. सत्यजितचं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा वाढलं. चैत्राली आता मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते. मी अजून बेंतोच्या कारखान्यातच आहे, तयार जेवणाच्या डब्यांत भात भरते.

तिथेच माझ्या शेजारी सुलास्त्री उभी असायची, इंडोनेशियातल्या योग्याकार्ताजवळच्या खेड्यातली. दोघींचं जपानी सारखंच मोडकं, त्यामुळे जमलं. तिच्या गावाकडे बाटिकच्या कापडाची नक्षी बघून माणूस कुठे निघालाय ते कळतं. एक नक्षी मयताला नेसायची. एक लग्नात चुकूनही नाही, नवरा-बायकोत भांडणं लागतात म्हणे. आणि बारीक चांदण्यांचं त्रुंतुम नेसायचं ते मुलीच्या लग्नात, आईवडिलांनी. कायमची परत जाताना तिने स्वतःच्या आईने केलेलं त्रुंतुम मला दिलं. चार महिने गरम मेणाने एकेक ठिपका काढलेला. चैत्रालीच्या लग्नात नेस, म्हणाली.

ते मी पुण्याला तुला कौतुकाने दाखवायला आणलं. असला मळकट रंग लग्नात कोण नेसतं, म्हणून तू हसलीस. मी दोन दिवस सासरी जाऊन आले, तोवर त्याचे उशांचे सहा अभ्रे शिवून झाले होते, दिवाणावर मांडलेसुद्धा होते. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी म्हणाले, "छान झालेत." आईचं आजारपण तू एकटीने काढलंस, तेव्हापासून तुझ्यापुढे माझं तोंडच उघडत नाही. आणि तुलाही ते ठाऊक आहे, ताई. तुझा राग येतोच, पण माझ्या त्या 'छान'ची जास्त किळस येते.

परवा सुलास्त्रीचं पत्र आलं. गेल्या मे महिन्यातल्या भूकंपात तिचं घर पडलं, आई गेली, पेटीतली सगळी कापडं ढिगाऱ्याखाली गेली. एप्रिलमध्ये तिच्या मुलीचं लग्न आहे. आईच्या हातचं आता तेवढं एकच उरलंय, एका दिवसापुरतं पाठव, नेसून लगेच तुझं तुला धाडते, असं तिने लिहिलंय. वर, दिलेली वस्तू मागितल्याबद्दल माफीही मागितली आहे. अभ्रे उसव आणि जसे असतील तसे पाठव. डाग काढत बसू नकोस, मशीनवर जोडूही नकोस. ते आता नेसता येणार नाही, हे मलाही कळतं. पण कापड सुखरूप आहे, असं मी तिला कालच कळवून बसले आहे.

तुझीच,
अरुणा