हेमांगीचा अंबाडा आणि माझा अर्ज

गुडगाव,
बुधवार, ११ नोव्हेंबर १९९८

तीर्थस्वरूप अहिल्याताईस,

धाकट्या भालचंद्राचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला भेटीत). दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू नका म्हणून सांग. मी सांगून उपयोग नाही. ज्याच्या इमारतीत लिफ्टच्या जागी अजून नुसता खड्डा आहे आणि जो स्वतः चौथ्या मजल्यावर राहतो, त्याने कुणाला असलं काही सांगू नये. तुझा दिवाळीचा डबा पोचला. चिवडा चिवडा म्हणूनच पोचला, चकल्या मात्र भुगा होऊन आल्या. तो आम्ही दह्यात घालून खाल्ला आणि फार छान लागला.

मी मजेत आहे असं लिहायला बसलो होतो, पण मजेत नाही. नरकचतुर्दशीला अभ्यंगासाठी हेमांगीच्या डोक्याला तेल लावत होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उजेड आला आणि मला तिच्या दोन्ही कानशिलांवर कातडी दिसली. केस नव्हते, ताई, नुसती गुळगुळीत कातडी, आणि कपाळ सरळ दोन बोटं मागे सरकलेलं. एकवीस वर्षांच्या पोरीचं. मी वाटीतलं तेल जमिनीवर सांडलं आणि वाटी गरम होती म्हणून सांगितलं. तुला ठाऊक आहेच की तिला एका खासगी विमान कंपनीत हवाई सुंदरी व्हायचं आहे. (हल्ली खासगी विमान कंपन्यांना मुली लागतात, आणि मुलींना सरकारी नोकरी नको असते. तीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या बापाने यावर काय बोलावं?) पहिली फेरी ती पास झाली आहे. दुसरी सोमवारी, १६ तारखेला. तिथे मुलींना समोर उभं करून चेहरा, कपाळ, केस सगळं निरखून बघतात म्हणे.

पहिले पंधरा दिवस मी दोष पाण्याला दिला. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तोवर केस होते, या नव्या सेक्टरात बोअरचं खारं पाणी आलं आणि केस गेले, असा सरळ हिशेब. म्हणून आमच्या दिनकरच्या (माझ्या शेजारच्या टेबलावरचा, त्याला अजून क्वार्टर आहे) नळाचं पाणी दोन कॅनमध्ये भरून बसने गुडगावला आणू लागलो. तिसऱ्या दिवशी कंडक्टरने कॅनचंही तिकीट फाडलं, आणि एका सरदारजींनी कॅनची जागा रिकामी करायला लावून कॅन माझ्या मांडीवर दिले. दिनकरने वर कांद्याचा रस सुचवला. तो लावून हेमांगी हवाई सुंदरीच्या ट्रेनिंग क्लासला गेली तेव्हा बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसलं नाही, एवढाच गुण आला. आणि मी काय करत होतो ठाऊक आहे? रस आणि तेल मुरावं म्हणून रोज सकाळी तिचा अंबाडा आणखी आवळून घालत होतो. त्यांच्या ट्रेनिंगमध्ये अंबाडा असा लागतो की एक केस सुटा दिसता कामा नये (कंपनीच्या नियमांच्या कागदावर तसं छापलंच आहे). वर जाळी, वर वीस पिना. तो घालायला मी शिकलो आहे, आणि स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण त्या वर्गात सगळ्यांत घट्ट अंबाडा हेमांगीचा असतो.

शेवटी गेल्या शनिवारी इथल्या नव्या शॉपिंग कॉम्प्लेक्समधल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी भिंग लावून कानशिलं पाहिली, कपाळ पाहिलं, आणि पाणी-बिणी काही नाही म्हणाल्या. रोज एकाच बाजूला ओढ बसल्याने मुळं थकली आहेत. आत्ता ओढणं थांबवलं आणि दोन औषधं लावली तर बरेच केस परत येतील. असंच आणखी सहा महिने चाललं तर ती जागा कायमची गेली. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, "ये कल-परसों का नहीं है. बचपन से कौन खींच रहा है?"

ताई, त्या खोलीत भिंतीवर कातडीचा एक मोठा तक्ता होता. मी तो वाचायला लागलो. हेमांगी म्हणाली, "मैं खुद बनाती हूँ, डॉक्टर." आणि मी तक्ता वाचतच राहिलो.

प्रभा गेली तेव्हा हेमांगी चार वर्षांची होती. तेव्हापासून आजवर रोज सकाळी साडेसहाला तिची वेणी मीच घालतो. मी वेणी शिकलो ती ऑफिसच्या दप्तरखान्यात. फायलींचा गठ्ठा फडक्यात बांधताना त्यावर गुडघा टेकवून गाठ आवळायची असते, नाहीतर तिसऱ्या दिवशी गठ्ठा पोट सोडतो. वेणीलाही मी तोच नियम लावला (गुडघा वगळून, पहिल्या आठवड्यात गुडघाही होता). शिवाय तुझं ते आंतर्देशीय पत्र. तू लिहिलं होतंस की वेणी घट्ट घाल रे, सैल वेणीची पोर दिसली की बायका हटकून विचारतात, आई नाही का हिला? सतरा वर्षांत मी कुणाला तो प्रश्न विचारू दिला नाही. पोरीच्या भुवया वर ओढलेल्या असत. शाळेच्या प्रत्येक फोटोत ती कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखी दिसते. मला वाटायचं, हुशार आहे.

डॉक्टरीणबाईंकडून येताना ऑटोत ती म्हणाली, "बाबा, नऊच दिवस आहेत यार. नऊ दिवस घाला, मग सोडू." सोमवारी सकाळी ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि मी अंबाडा सैल घातला. ती दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरली असेल नसेल, पुन्हा वर आली. जाळी हातात, पिना तोंडात, डोळे भरलेले. पाटावर बसली आणि पूर्वीसारखा घाला म्हणाली. मी घातला. माझ्या हाताखाली ती कातडी ताणली जाताना मला दिसत होती आणि मी घालत होतो. त्या दिवशी मी जेवलो नाही. सोमवारी उपास आहे असं सांगितलं.

तर असं आहे. अंबाडा घालावा तर पोरीचे केस जातात, न घालावा तर नोकरी. तू मोठी आहेस म्हणून लिहिलं, काळजी करू नकोस. बाकी इथे सगळं ठीक. वीज जाते आणि येते. दाजींना माझा आणि हेमांगीचा नमस्कार, तिने सांगितला नसला तरी.

तुझा,
भालचंद्र

ता. क. वरच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, टाळली. काल मंगळवारी मी कॅनॉट प्लेसला त्या विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन एक अर्ज दिला. हेमांगीला ठाऊक नाही. उमेदवाराला वैद्यकीय कारणास्तव सहा महिने अंबाड्यातून सूट मिळावी असा विनंती अर्ज, तीन प्रतींत, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची साक्षांकित प्रत. आता अर्जात कारण द्यावं लागतं, आणि कारणाच्या रकान्यात खोटं लिहिणं मला तीस वर्षांत जमलं नाही. मी लिहिलं की सदर केसगळती उमेदवाराच्या वडिलांनी सतरा वर्षं वेणी वाजवीपेक्षा जास्त आवळल्यामुळे झाली असून यात उमेदवाराचा काहीही दोष नाही. खाली सही, तारीख. काउंटरवरच्या मुलीकडे मी पोच मागितली. तिच्याकडे शिक्का नव्हता, तिने बशीतली टॉफी दिली. ती टॉफी खिशात घेऊन बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आतापर्यंत पोरीचं टक्कल फक्त घरात ठाऊक होतं, ते आता मी तीन प्रतींत कंपनीला कळवून आलो आहे. तेव्हा ताई, माझी विनंती अशी. पत्र मिळताच रविवारी एसटीडी करून तू हेमांगीला अर्जाचं सांग. माझं तिच्यासमोर तोंड उघडत नाही. आणि जमलं तर घट्ट वेणी घालायला तूच लिहिलं होतंस हेही सांग, म्हणजे दोष दोघांत वाटला जाईल. तू मिरजेत आहेस, तुझ्यावर ती फार चिडू शकणार नाही.

दुसरा ता. क., शनिवार. पत्र अजून माझ्याकडेच आहे. या सेक्टरात टपालपेटीसाठी खांब उभा केला आहे, पेटी आलेली नाही. वरची विनंती रद्द समजावी. काल मी दूध आणायला गेलो असताना कंपनीचा फोन आला. तिथल्या बाईंनी माझा अर्ज हेमांगीला फोनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, कारणाच्या रकान्यासकट. मी परत आलो तेव्हा रिसीव्हर जागेवर होता आणि ती घरात नव्हती. चप्पल नाही, पर्स नाही, चिठ्ठी नाही. मी गेटवर उभा राहिलो. तीन तास. वॉचमनने खुर्ची दिली, मी बसलो नाही. दूध हातातच होतं, ते नासलं.

ती आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. केस कानाच्या पाळीपर्यंत कापलेले, पुढे कपाळावर झुकलेले, आणि भुवया जिथे असायला हव्यात तिथे. वर घरी येऊन तिने कंपनीचा तो नियमांचा कागद माझ्यापुढे धरला आणि उलटा केला. मागल्या बाजूला पहिलंच कलम, केस कॉलरच्या वर असतील तर अंबाड्याची आवश्यकता नाही. जन्मभर लोकांच्या फायलींवर 'मागे पाहावे' लिहिणाऱ्या माणसाने कागद मागे पाहिला नव्हता. मी हसायला गेलो. ती हसली नाही. म्हणाली, "अर्जात लिहिलंत. डॉक्टरांकडे गप्प का बसलात, बाबा?" मी म्हणालो, लाज वाटली. अर्जापेक्षा हे वाक्य जड गेलं, ताई. त्यावर ती म्हणाली की दुखायचं तेव्हाच सांगायला हवं होतं, पण वेणीच्या त्या पंधरा मिनिटांत तुम्ही मला सगळं सांगायचात, ऑफिसचं, आईचं, म्हणून मी हलत नव्हते. मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

तिसरा ता. क., रविवार सकाळ. मुलाखत उद्या आहे, काय होईल ते होवो. आज साडेसहाला मला जाग आली आणि हाताला काम नव्हतं. सात वाजता ती औषधाची बाटली घेऊन आपणहून पाटावर येऊन बसली. मी एका बोटाने लावू लागलो. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, जरा दाबून लावा ना, सगळं गळ्यात ओघळतंय." माझा हात पुढे जाईना. तेव्हा तिने माझा अंगठा धरला, आपल्या कानशिलावर ठेवला आणि वरून स्वतःच्या बोटाने दाबला. "इतकं," म्हणाली.