पोराचं गाऱ्हाणं

कांजूरमार्ग,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नलिनीस दादाचे अ. आ.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस. सरळ विचारतो, माझ्या पोराला तू काय खाऊ घालतेस? सर्वेश दर रविवारी कांदिवलीला तुझ्याकडे तीन-तीन तास बसतो आणि तोंडाचा पट्टा चालू असतो म्हणे. इथे माझ्यासमोर हो, बघू, की लागला मोबाइलला. तुझी राधावहिनी जाऊन दोन वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच. बोलायला मी आहे की!

आता शेजारचा नंदकिशोर सांगतो, सर्वेश गोरेगावला भाड्याची खोली बघतोय. बापाला ही बातमी शेजाऱ्याकडून! आत्याला मात्र आधीच ठाऊक असणार. मला हेवा वाटतो नलू, लपवत नाही. लहानपणी त्याला गोवर आला तेव्हा मांडीवर घेऊन बसलो मी, आणि साय तुझ्या वाटीत. तो घर सोडून गेला तर मी इथे भिंतींशी बोलू का? त्याला समजाव.

लोभ असेल तर ठेव, नसेल तर तसं कळव.

दादा

कांदिवली,
८ फेब्रुवारी २०२५

ती. दादास नलूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिलंस ते बरं झालं. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, कागदावर तुझा नाइलाज आहे.

अरे, मी काही खाऊ घालत नाही. मी भाजी निवडत असते, तो बोलतो, मी मधे मधे हं म्हणते. झालं. सल्ला मागितला तर देईन, पण तो मागतच नाही. खोलीचं त्याने मला सांगितलंय, पण ते त्यानेच तुला सांगायला हवं. मी चुगली करणार नाही.

रागावू नकोस, पण तो ऑफिसातला त्रास सांगायला लागला की तुझं कारखान्यातल्या नोकरीचं पुराण सुरू होतं. त्याचं राहतं बाजूला. दादा, गणपतीत गावच्या घरी देवापुढे गाऱ्हाणं तूच घालतोस ना? सगळ्या घरादाराच्या दुखण्याखुपण्यासकट, चांगलं लांबलचक. मधे कोणी तुला अक्कल शिकवतं का? सगळे नुसतं व्हय महाराजा म्हणतात, आणि तू हलका होऊन उठतोस. एकदा पोराचं गाऱ्हाणं तसं ऐक. फक्त व्हय.

माया कमी करू नकोस, आवाज तेवढा कमी कर.

तुझी नलू

कांजूरमार्ग,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नलूस अ. आ.

काल संध्याकाळी चहा केला आणि सर्वेशला समोर बसवलं. म्हटलं, आज गाऱ्हाणं तुझं, मी फक्त व्हय म्हणणार. तो हसला. मग म्हणाला, एक तारखेला गोरेगावला जातोय. माझ्या जिभेवर दहा उत्तरं तयार होती. व्हय म्हटलं. म्हणाला, या घरात जीव घुसमटतो. व्हय. मग तो कपातला चहा ढवळत राहिला. मधे न बोलणं मला फार जड गेलं.

शेवटी म्हणाला, छातीत दुखतंय असं आईने तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तिचं पुरतं ऐकूनही न घेता तुम्ही दोन्ही वेळा म्हणालात, पित्त असेल, सोडा घे.

नलू, मला ते आठवत होतं. रोज आठवतं. तेव्हा तोही तिथे होता, एवढंच माहीत नव्हतं. कसंबसं व्हय म्हटलं. मग दोघंही रडलो.

हे तू दोन वर्षं ऐकत होतीस ना? त्याचा राग आहेच, हेवाही गेलेला नाही. तो जाणार आहे, मी अडवलं नाही. पण उठता उठता त्याने विचारलं, बाबा, तुम्हाला काही सांगायचंय का? मी राधाबद्दल सांगायला लागलो, अडखळत, उलटसुलट. दिवेलागण झाली तरी पोराने मला एकदाही मधे तोडलं नाही.

हे तो माझ्याकडून शिकलेला नाही. लिहिताना पोटात जळतं, तरी लिहितो.

लोभ आहेच, नाहीतर उगाच कशाला जळलो असतो?

दादा