पांढऱ्या गाठीतलं तांबडं

३ फेब्रुवारी, मंगळवार

हयवदनला रडवायचा. ठरलं.

हेब्बाळच्या हॉटेलात आज त्याचा सत्कार. चिंध्यांचं पुन्हा सूत करणारा थोर गिरणीवाला! माइकवर सांगत होता — चिंध्या आधी रंगवार निवडल्या की सूत रंगवावंच लागत नाही, पाणी वाचतं, ही युक्ती मला सुचली. सुचली कसली? शिवाजीनगरात माझ्या गोदामात, माझा चहा पीत, माझ्या तोंडून ऐकलीस.

जेवताना कुणीतरी माझ्याकडे बघत त्याला विचारलं, ते कोपऱ्यातले कोण? तर हळूच म्हणतो, "हंबीरराव. आमचा चिंधीवाला. स्वल्प लांबच ठेवा, फार बोलतो." चार टेबलं पलीकडून ऐकलं. हसून हात हलवला. गुलाबजाम परत मागून घेतला.

५ फेब्रुवारी

त्याला पांढऱ्या कापडाची मोठी ऑर्डर मिळायची आहे. मुंबईच्या आसावरीबाई नमुना बघायला येणार, पसंत पडला तर पक्की. पांढऱ्या चिंध्यांच्या गाठी माझ्याकडूनच जातात. वर माझ्या नावाची चिठ्ठी असली की गाठ न उघडता थेट मशीनमध्ये ढकलतात. तिथंच धरायचा.

६ फेब्रुवारी

शाळेच्या गणवेशांचे तांबडे तुकडे पांढऱ्यात टाकायला सांगितले. गाठीच्या मधोमध, वरून दिसणार नाहीत असे. निवडीवरची महानंदा बघतच राहिली.

"अण्णा, डोळे तपासून घ्या जावा."

"टाक गं अक्का."

"सरी, टाकते. पण चिठ्ठी काढा. उद्या सगळे म्हणतील, महानंदाला रंग कळेनात."

चिठ्ठी काढली तर गाठ उघडतील. राहू दिली.

११ फेब्रुवारी

गाठी गेल्या. तो बुडेल ते बुडेल, पण बाजारात कळलं तर माझी गाठ कुणी न उघडता घेणार नाही. हातगाडी ओढून कमावलेलं नाव. भाग्यलक्ष्मी म्हणाली, "आज सगळ्यांशी फारच गोड बोलताय. कुणाचं वाटोळं करताय?" बायकोपासून काही लपत नाही.

बुडू दे. दोघेही बुडू.

२४ फेब्रुवारी

आला फोन!

"हंबीरराव, घात केलास. कापडभर तांबडे ठिपके. गोवर आल्यासारखं दिसतंय."

"असं? अरेरे."

"आसावरीबाई समोर उभ्या आहेत रे."

"मग बसायला खुर्ची द्या की त्यांना."

त्यानं फोनवर हात दाबला. माझ्या कानांना हात काय अडवणार. सगळं ऐकू आलं — "मॅडम, यात माझा काही दोष नाही. रंगाचं सगळं पहिल्यापासून हा हंबीररावच बघतो. युक्ती त्याची, निवड त्याची. त्यालाच विचारा." माझा नंबरही देऊन टाकला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला. तेही मला खड्ड्यात ढकलायला. फोन ठेवून पोटभर हसलो. मग आठवलं, आता बाई मलाच झापणार.

२५ फेब्रुवारी

आसावरीबाईंचा फोन. पांढरं नकोच म्हणाल्या, हे ठिपक्यांचंच हवं, असं कापड त्यांनी कुठं पाहिलं नाही. ऑर्डर माझ्या नावावर. सूत कुठं कातून घेणार, विचारत होत्या.

हयवदनकडे, म्हटलं. मी सांगेन तसं कातेल.